गाळलेलं पाणी

खाडीचं पाणी बाटलीत भरून ठाण्याला नेणं, ही माझी पहिली सरकारी नोकरी. बी.एस्सी. होऊन, रसायनशास्त्रात बऱ्यापैकी मार्क पाडून हे नशिबी आलं. घरी सांगताना मी ‘सायन्सची नोकरी’ एवढंच म्हटलं होतं, पण डोंबिवलीत तेव्हा कोण कुठे जातो ते दोन दिवसांत आळीभर व्हायचं. आमच्या आळीत सगळे बँकेतले, रेल्वेतले, शाळामास्तर, आणि त्यात मी एकटा मासळीच्या खात्यातला. शेजारचे काका संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून बसलेले असायचे. मी दमून येताना दिसलो की विचारायचे, काय, आज काय गावलं? सुरुवातीला मी हसायचो. पुढे हसायची ताकद राहिली नाही, त्यांचं विचारणं मात्र चालूच राहिलं.

आईचं वेगळंच. पाण्याची पेटी तिने कधी घरात येऊ दिली नाही. मासे नाहीत गं त्यात, नुसतं पाणी आहे, असं मी हजारदा सांगितलं. मासे त्याच पाण्यात असतात ना, मग झालं तर, असं तिचं म्हणणं. पेटी रात्रभर मागच्या दारी, पायरीवर. ती उचलली की हात धुवायचे, आणि मगच पानावर बसायचं.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती आणि सरकारच्या डोक्यात रोज काहीतरी नवीन येत होतं. त्यातलंच हे एक. खाडीकाठची पडीक खाजणं, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन, बांध घालून अडवायची, त्यात तळी करायची, भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं आणि मासे वाढवायचे. जाळं टाकून पकडायचे नाहीत, कोंबड्या पाळतात तसे पाळायचे. कल्पना वाईट नव्हती. पण तळं खणण्याआधी तिथलं पाणी काही महिने तपासायला हवं. त्यात मीठ किती, गाळ किती, आणि मुख्य म्हणजे माशाला श्वास घ्यायला प्राणवायू किती. साहेब ठाण्याच्या कचेरीत टेबलाशी बसून जागा निवडणार, आणि चिखल तुडवणार मी.

खांद्याला लाकडी पेटी, पेटीत कापसात बसवलेल्या बाटल्या, एक थर्मामीटर, आणि पाणी किती गढूळ आहे ते बघायला दोरी बांधलेली पांढरी चकती. दिव्याला उतरायचं. आज दिव्यात पाय ठेवायला जागा नाही, पण तेव्हा स्टेशन होतं आणि स्टेशनाबाहेर काही म्हणता काही नव्हतं. खाजण, मिठागरं, तिवरांची झाडी आणि लांबवर चार-दोन कौलारू घरं. बांधावरून चालत जायचं. उन्हात तो बांध संपता संपत नसे आणि पेटीचा पट्टा खांद्याला असा काचायचा की घरी गेल्यावर सदरा काढताना जीव जाई. एकदा चप्पल चिखलात गेली ती गेलीच. दुसरी हातात घेऊन मी अनवाणी स्टेशनावर आलो, तेव्हा मनात आलं, हीही खाडीत टाकावी आणि नोकरीही.

साहेबांनी ज्या जागा काढल्या होत्या त्यात दिव्याची जागा सगळ्यांत बरी होती. ती एका आगरी बाईची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला भाऊ. नवरा वारलेला. खाडीला लागून त्यांची भातशेती होती, तिला बांध होता आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं. एका मोठ्या उधाणात तो बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. असला बांध घालणं एका घराचं काम नव्हे. नवरा असता तर त्याने गावाला हात जोडून घालून घेतला असता, पण तो त्याच सुमाराला तापाने गेला. जमीन खारावली. भात पिकेना. तिचा एकुलता मुलगा मग कल्याणच्या वरच्या अंगाला नवीन कारखाने निघत होते त्यांतल्या एकात लागला आणि तिथेच चार जणांत खोली घेऊन राहू लागला. सणाला यायचा, दुसऱ्या दिवशी जायचा.

तिचं सगळं गणित साधं होतं आणि ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. सरकारने तळ्यासाठी जागा घेतली तर बांध सरकार घालणार. तळं खालच्या अंगाला होणार, म्हणजे बांधाच्या आडोशाने वरचा तुकडा दोन पावसांत धुऊन पुन्हा गोडा होणार. राखणीला घरचाच माणूस ठेवू, असं साहेब तोंडी बोलून गेले होते. म्हणजे मुलगा घरी येणार. मासे किती होतील, विकतील कोण, हे तिने कधी विचारलं नाही. बांध कधी घालतील, एवढंच ती प्रत्येक वेळी विचारायची. आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, पाण्यावर आहे मावशी, पाणी चांगलं निघालं की झालं.

तळ्यात पाणी घ्यायचं ते उधाणाला, म्हणून आम्ही पाणी बघायचो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवसांत भरती भर दुपारी येते आणि ओहोटी पहाटे. दुपारचं पाणी मी स्वतः भरायचो. पहाटेच्या ओहोटीला मला पोचणं कठीण, संध्याकाळच्या ओहोटीला थांबलो तर अंधारात बांधावरून परतणं कठीण, म्हणून पहाटेचं काम साहेबांच्या परवानगीने मावशीकडे दिलं. आदल्या दिवशी बाटल्या ठेवून जायचो, दुसऱ्या दिवशी दुपारी भरलेल्या उचलायचो. बाटली कशी बुडवायची, बूच लावताना आत बुडबुडा कसा राहू द्यायचा नाही, हे तिला दाखवलं. प्राणवायूच्या बाटलीत दोन औषधं थेंब थेंब टाकायची असतात. तिला ती ‘दवा’. दवा टाकून बाटली हलवून ठेवली की तळाला साका बसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी, अजिबात नसेल तर पांढरा. तपकिरी म्हणजे चांगलं, हे तिने लगेच धरलं. मी गेलो की बाटली उन्हात धरून दाखवायची, बघा, कसा चहासारखा बसलाय. मग चहा मात्र गुळाचा आणि कोरा मिळायचा. खरं सांगतो, त्या वणवणीत तेवढंच काय ते सुख होतं.

हिवाळाभर निकाल सुरेख आले. दुपारची भरती स्वच्छ, ती असणारच, समुद्राचंच पाणी ते. पण पहाटेची ओहोटीही तितकीच स्वच्छ. ओहोटीला खाडी वरचा सगळा गाळ घेऊन खाली येते, तेव्हा पाणी इतकं नितळ कसं, असं साहेबांनी एकदा चष्मा वर करून विचारलं होतं. मलाही खटकलं होतं. पण आधीच कंबर मोडलेल्या माणसाला चांगला आकडा मिळाला की तो त्याला हात जोडतो. साहेबही निवृत्तीला आलेले, पित्ताने हैराण, टेबलावर कायम ताकाचा पेला. एक तरी तळं आपल्या हातून व्हावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. चैत्रात त्यांनी अहवाल लिहायला घेतला आणि मला सांगितलं, एकदा ओहोटीचं पाणी तू स्वतः भरून आण, म्हणजे उद्या कोणी शंका काढायला नको.

मी पहिल्या गाडीने दिव्याला उतरलो. उजाडत होतं. मावशीकडे आदल्या दुपारी नेहमीप्रमाणे बाटल्या ठेवल्या होत्या, पण साहेबांचं हे सांगणं त्या संध्याकाळचं, म्हणून तिला सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोणाच्या हाती? बांधावरून जाताना वास आला. अंडं कुजल्याचा असतो तसा. खाडी पार आटली होती, आणि मधल्या धारेतून जे वाहत होतं ते पाणी म्हणायचं म्हणून पाणी. काळपट, वर फेसाचे पुंजके. कडेच्या चिखलातून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, वर चढून बांधावर येऊन बसल्या होत्या आणि मी जवळ गेलो तरी हलत नव्हत्या. मी तिथेच उभा राहिलो. हे पाणी मी कधी बघितलंच नव्हतं. मला भेटायची ती दुपारची खाडी.

थोडं पुढे, तिवरांपाशी, मावशी होती. तिच्यासमोर कळशी आणि मोठा तांब्या. कळशीतलं पाणी तिने निवळायला ठेवलं असावं, कारण ती नुसती बसून होती. मग उठली, कमरेचं पांढरं फडकं काढलं, चौपदरी केलं, तांब्याच्या तोंडावर बांधलं आणि वरून संथ धार धरली. गाळून झालं. मग फडकं सोडून तिने ते पाणी तांब्यातून कळशीत आणि कळशीतून तांब्यात, हात उंच करून, ओतायला घेतलं. आपण पोराचं दूध निववतो तसं. मधेच नाकाशी नेऊन वास घेई, पुन्हा ओती. वास गेल्यावर मग बाटली काढली, आणि मी शिकवल्याप्रमाणे, एकही बुडबुडा राहू न देता, अगदी नीट भरली.

मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. हिवाळाभराचे आमचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होते. इतक्यांदा उंचावरून ओतलेल्या पाण्यात हवा मिसळणार नाही तर काय होईल? मेलेल्या पाण्यालासुद्धा जीव येईल. मी हाक मारली तशी ती दचकली नाही, उलट खूश झाली. एवढ्या सकाळी आलात, म्हणाली, थांबा, चहा ठेवते.

“मावशी, हे असं गाळून भरता तुम्ही? दर वेळी?”

“मंग?” ती म्हणाली. “सकालचं पानी काला येतं, वास मारतं. असलं पानी सरकारच्या दारी धाडायचं? तुमच्या घरी पाव्हन्याला गढूल पानी देतात काय?”

आमच्या घरी आई नळाला फडकं बांधायची, माठाला फडकं, पिंपाला फडकं. न गाळलेलं पाणी कोणापुढे ठेवणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. एखाद्या कचेरीने माझ्या आईकडे बाटलीभर पाणी मागितलं असतं, तर तिनेही ते गाळून, निववून, वर झाकण ठेवून पाठवलं असतं. आणि बाटली भरायला शिकवताना ‘जसं आहे तसं भरा’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, कारण असं कोणी करील हे स्वप्नातही आलं नसतं. रागवायला माणूसच सापडेना.

मी पेटी उघडली, चिखलात उतरलो आणि मधल्या धारेत बाटली बुडवली. बांधावर येऊन दोन्ही दवा टाकल्या, हलवली, दगडावर ठेवली. तिने भरलेली बाटली शेजारी होती, तिच्यातही टाकल्या. आम्ही दोघं बघत बसलो. तिच्या बाटलीत तपकिरी ढग खाली उतरत गेला, नेहमीसारखा. माझ्या बाटलीत साका उतरला तो पांढराफटक. मी काही बोलण्याआधी तिला कळलं होतं. मीच तर शिकवलेलं.

तिने आपली बाटली उचलून माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, माझी बाटली न्या.

मी तिला समजावायला लागलो. हे पाणी वरच्या कारखान्यांतून सुटतंय, भरतीला मागे ढकललं जातं, ओहोटीला खाली येतं. तळ्यातलं पाणी बदलायला उघाडी उघडली आणि हे एकदा जरी आत शिरलं, तरी सकाळपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगतील. मी बोलत होतो आणि ती मान हलवत होती. तिला हे ठाऊक होतं. चिंबोऱ्या दोन वर्षं अशाच वर चढतात, म्हणाली. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण बोलणार कोण? घराआड एक माणूस त्याच कारखान्यांत. तिचाही तिथेच.

“मासं मरतील तं मरू द्या,” ती म्हणाली. “बांध तं उभा ऱ्हाईल ना, भाऊ?”

बांध राहिला असता. ती अक्षरशः खरं बोलत होती. मासे मेले असते, योजना बुडाली असती, साहेब लोकांनी तळ्याकडे पाठ फिरवली असती, आणि बांध मात्र जागच्या जागी उभा, त्याच्या आड तिचा भाताचा तुकडा. मी दोन्ही बाटल्या पेटीत घातल्या. चहा नको म्हटलं. तिनेही आग्रह केला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

ठाण्यापर्यंत पेटी मांडीवर होती आणि डोक्यात एकच विचार, पांढरी बाटली उतरल्यावर कुठेतरी ओतून द्यावी. कोणाला कळणार होतं? मला कोणी हरिश्चंद्र समजू नये. मला ती बाटली ओतायची होती. हात अडला तो वेगळ्याच गोष्टीने. मासे मेले की चौकशी होणार, आणि आमच्या खात्यात चौकशी झाली की खापर फुटतं ते सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यावर. तळ्याचा राखणदार कोण? तिचा मुलगा. उघाडी कोणी उघडली, कधी उघडली, झोप लागली होती का? त्या पोराला पुरतं धुऊन काढलं असतं. एवढं सगळं मला कळत होतं, तरी कचेरीचा जिना मी कठड्याला धरून चढलो. त्या वयात मला म्हाताऱ्यासारखं वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

साहेबांच्या टेबलावर मी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ते दुधासारखं निववण्याचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. बिचारी, एवढंच म्हणाले. मग अर्धा लिहून झालेला अहवाल पुढे ओढला आणि दिव्याच्या जागेसमोर ‘अयोग्य’ लिहिलं. ते तळं पुढे दुसरीकडे, कुठेतरी लांब खालच्या खाडीवर गेलं, आणि ते व्हायच्या आत साहेब निवृत्त झाले.

मी आणखी एक शहाणपणा केला. पाणी अयोग्य आहे तर ते अयोग्य करणाऱ्याला कोणीतरी विचारायला नको का, असं म्हणून कारखान्यांना पत्र धाडायचा मसुदा केला. तो वरून परत आला. कारखाने हे आपल्या खात्याकडे येत नाहीत. बरोबरच आहे म्हणा. मासे आमच्या खात्याचे, कारखाने दुसऱ्या खात्याचे, जमीन तिसऱ्याची. आणि खाडी? ती कोणाच्या खात्यावर होती हे इतकी वर्षं नोकरी करून मला कळलेलं नाही. तेव्हा मी चिडलो होतो. आता चिडायचाही कंटाळा येतो.

मावशीला निरोप कचेरीतून गेला होता. तरी मी एकदा गेलो, पावसाआधी. कोणी पाठवलं नव्हतं. पेटी नव्हती बरोबर, खांदा मोकळा होता, आणि त्या मोकळ्या खांद्याचीच मला लाज वाटत होती. ती दारात मिरच्या निवडत बसली होती. या म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. मी ओसरीच्या कडेला टेकलो. मुलगा कसा आहे विचारलं. बरा आहे, म्हणाली. आता तिथेच खोली बघतोय, लग्न करून तिकडेच राहील. फुटलेल्या बांधातून भरतीचं पाणी आत येताना बसल्या जागेवरून दिसत होतं. स्वच्छ, दुपारचं. मी माफी मागायला आलो होतो, पण नक्की कशाची, ते मला सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने ती उठली आणि आत गेली. गोडं पाणी तिथे रुळांपलीकडच्या विहिरीवरून आणावं लागायचं, उन्हात, डोक्यावरून. ती हंडा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर बसून तिने तेच पांढरं फडकं चौपदरी केलं, तांब्याच्या तोंडावर धरलं आणि पाणी गाळलं. तांब्या माझ्यापुढे ठेवला.

“प्या,” ती म्हणाली. “गाललेलं हाय. ह्यात तुमची दवा नका टाकू.”

मी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायलो.